बिनभोकाचं मायफळ

२६ जून १९७४, सांगली. संध्याकाळ.
माझं आयुष्य आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बदललं. आमच्या काष्ठौषधीच्या दुकानातलं घड्याळ सात मिनिटं मागं आहे, म्हणजे खरं तर दहा सत्तेचाळीस.
चंदनबाला दुकानात आली. तिची वहिनी बाळंत झाली आहे, बाळगुटीचं सामान हवं होतं. वडील, म्हणजे आण्णा, आत सुंठ पाखडत होते, म्हणून पुढं मी. फेब्रुवारीत कॉलेज सोडल्यापासून ती पहिल्यांदाच समोर. बाळहिरडा, मुरडशेंग, वेखंड, सगळं काढून दिलं. वेखंड सांडलं, पण तो बरणीचा दोष.
मग तिनं मायफळ उचललं. सुपारीएवढं, निळसर, अंगावर बारीक बारीक गाठी. म्हणाली, हे कुठल्या झाडाचं फळ हो?
दीड वर्ष एका वर्गात होतो. तिनं आपणहून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माहीत नाही म्हणणं शक्यच नव्हतं. म्हणालो, मायफळाच्याच झाडाचं. महाबळेश्वराकडं होतं. म्हणाली, बघायला पाहिजे एकदा. म्हणालो, तेवढ्या लांब कशाला, मी साताऱ्याला बागच लावतोय की.
हे मलाही तोवर माहीत नव्हतं. पण बोललो म्हणजे बोललो.
ती गेल्यावर आण्णांना विचारलं, मायफळ कुठनं येतं? म्हणाले, मुंबईहून. त्याच्या आधी? म्हणाले, त्याच्या आधी मुंबईला येतं कुठनंतरी. आणि माणूस चाळीस वर्षं हेच विकतोय.

२७ जून. पहाटे पाच.
निश्चय: १) पाचला उठणे. २) चहा बंद. ३) राग कायमचा बंद. ४) मायफळाची बाग.
आकारामला साताऱ्याला पत्र टाकलं. कॉलेजात माझ्या पुढच्या वर्गात होता, अभ्यासाला मी होस्टेलवर त्याच्याच खोलीत पडलेला असायचो. यवतेश्वरच्या घाटाखाली त्यांची पडीक वरड आहे, माळच म्हणायचा.

२७ जून. सकाळी आठ.
चहा घेतला. आण्णा म्हणाले, बोटॅनीत नापास व्हायला घाबरून पळालास तो आता बागा लावणार व्हय. वजनाचा काटा भिंतीवर आपटला. उद्यापासून राग बंद.
वास्तविक मी पळालो नाही. प्रॅक्टिकलला सरांनी माझी जर्नल वर धरली आणि वर्गाला विचारलं, हे पान आहे का पापड? जर्नल तिथंच फाडली आणि बाहेर पडलो. स्वाभिमान म्हणतात त्याला. सगळा वर्ग हसला. चंदनबाला तेवढी हसली नाही. तिनं वहीत तोंड घातलं होतं आणि खांदे हलत होते. तिला फार वाईट वाटलं असावं.

५ जुलै.
आकारामचं कार्ड. जव्या, ये लगेच, आमचे तात्या रिटायर होऊन आल्यापास्नं घरात सगळ्यांची परेड घ्यालेत, त्यांना कायतरी काम पायजेच होतं.
आज पोत्यातनं बियाणं निवडलं. दोन जाती असतात. एक निळसर, जड, बिनभोकाची. दुसरी फिकट, हलकी, अंगावर दाभणानं पाडल्यासारखं गोल भोक. गिऱ्हाईक भोकाची घेत नाही. आण्णा ती किडकी म्हणून पत्र्याच्या डब्यात टाकतात. मी एकशे आठ घेतली, सगळी बिनभोकाची. एकेक हातात तोलून. किडका माल आपल्याला चालणार नाही.
आण्णांनी विचारलं, कुठं न्यायलास? म्हणालो, प्रयोग आहे. म्हणाले, कॉलेज सुटलं तवा निदान प्रयोग तरी सुटले म्हणून बरं वाटलं होतं मला.
पिशवीचं तोंड बांधलं. राग बंद असल्याचा आठवा दिवस.

९ जुलै, सातारा.
काल एसटीत कराडपर्यंत उभा. पोचेस्तोवर कणा मोडला.
मायफळं भिजत घातली. भामाबाईंनी, म्हणजे आकारामच्या आईनं, लोखंडी घमेलं दिलं. सकाळी बघतो तर पाणी दौतीतल्या शाईसारखं काळं. रस भरपूर आहे, लक्षण उत्तम. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. साबण, राख, लिंबू, काही चालेना. भामाबाई म्हणाल्या, आवं पावणं, ह्ये कसलं बी म्हनायचं, घमेलं बाटवलं की माझं!
आकाराम म्हणाला, एक फोडून बघू की रं, आत बी हाय का न्हाई. मी म्हणालो, गाढवा, नारळ लावताना फोडतात का? बी.एस्सी.ला पास झाला म्हणून अक्कल येत नाही.

१० जुलै, सातारा.
लागवड झाली. तात्या, म्हणजे आकारामचे वडील सुभेदार नानासो, शिट्टी घेऊन उभे. दोरी धरून खड्डे, नऊ रांगा, बारा-बारा. एक खड्डा चार बोटं सरकला तर म्हणाले, जवान, खड्डा हाय का घूस शिरलीया? लाइन चुकली की झाड बी चुकतं. दुबारा! दुबारा खणला.
पाठ गेली. हाताला फोड आले. ते काळ्यात दिसत नाहीत.
बागेचं नाव मनात ठरलं आहे. इथं लिहीत नाही. चंदन बाग.

१९ जुलै, सांगली.
ती आली. मुरडशेंग संपली म्हणे. तीन आठवड्यांत एवढी मुरडशेंग एक बाळ संपवू शकत नाही. काय ते समजलो.
हात काउंटरखाली धरले होते, पण पुडी बांधताना दिसलेच. म्हणाली, हे काय झालं? सगळं सांगितलं. खड्डे, रांगा, एकशे आठ. ऐकताना ओठ आत ओढून घेतले होते. मग म्हणाली, रोप आलं की सांगा हं.
म्हणजे शब्द दिला. मुलीच्या जातीनं याहून स्पष्ट काय बोलायचं?
जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाली, ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म एकतीस तारखेपर्यंत आहे. लाजून विषय बदलला.

३१ जुलै.
पाऊस चांगला. साताऱ्यालाही असेल. आज आणखी कायतरी होतं, आठवत नाही.

१५ ऑगस्ट, सातारा.
आलं! आलं! तिसऱ्या आणि सातव्या रांगेत मिळून अकरा कोंब! हिरवीगार, गोलसर पानं. नानासोंनी सॅल्यूट ठोकला. आकाराम वाकून बघत म्हणाला, गड्या, ही पानं कुठंतरी बघितल्यागत वाटत्यात. त्याला म्हणालो, तुला सगळंच बघितल्यागत वाटतं.
तिला पत्र टाकायचं ठरवलं. मग वाटलं, पत्र तिच्या वडिलांच्या हातात पडेल. हळदीचे व्यापारी आहेत, अडत्यांशी बोलून बोलून आवाज मोठा झाला आहे. मग पत्र सांगलीच्या वाचनालयात, ती वाचते त्या मासिकात ठेवायचं ठरवलं. एकच ओळ: रोप आलं.

१ सप्टेंबर, सातारा.
रोप गेलं.
सकाळी वरडीवर पोचतो तर तिसरी आणि सातवी रांग साफ. शेळी असेल म्हणून सगळ्या आळीला शिव्या दिल्या. जेवायला बसलो. भाकरी, हिरवी भाजी. चांगली होती, दोनदा मागून घेतली. भामाबाई म्हणाल्या, घ्या की, टाकळा हाय, तुमच्याच खड्ड्यातला, लय कवळा निघाला बगा.
माझी बाग मी दोनदा मागून घेऊन खाल्ली.
आकाराम हसला नाही. भिंतीकडं तोंड करून बसला होता आणि खांदे हलत होते.
आता हे तिला कळता कामा नये. बाकीची सत्त्याण्णव आहेतच.

२२ सप्टेंबर, सांगली.
लिहिण्याइतका दम नाही, पण लिहिलं पाहिजे.
आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व चालू आहे. आण्णांचा उपास. सकाळी बस्तीतून, म्हणजे देवळातून, येऊन टेकले होते. तेवढ्यात चंदनबाला आली, हातात जाड पुस्तक, लायब्ररीचं असावं. मला वाटलं, मासिकात ठेवलेली माझी चिठ्ठी त्यातच असणार. होतीही. तिनं ती खूण म्हणून पानात घातली होती. पान उघडून पुढं केलं.
म्हणाली, मायफळ हे फळच नाही. इराण-तुर्कस्तानकडं ओक नावाचं झाड असतं. मुंगीएवढी एक गांधीलमाशी त्याच्या कोवळ्या डहाळीत अंडं घालते. मग झाड त्या अंड्याभोवती गाठ वाढवत जातं. तीच ही गाठ. आत बी नसतं, अळी असते. तिला पंख फुटले की ती भोक पाडून उडून जाते. तुम्ही सोडून गेलात ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात सरांनी शिकवलं, झाडांच्या गाठींचा धडा.
म्हणजे सरांचं कारस्थान. पुस्तकसुद्धा त्यांचंच निघालं, वर सही होती. मी म्हणालो, चाळीस वर्षं आम्ही विकतोय ते काय किडे? म्हणाली, चिडू नका, एक फोडून तर बघा. मी म्हणालो, मला रोप दिसलंय, या डोळ्यांनी. म्हणाली, मग दाखवा.
सुंठीची बरणी फुटली. कशी ते महत्त्वाचं नाही.
ती पुस्तक उचलून गेली. चिठ्ठी काउंटरवर ठेवून.
आण्णा सुंठ वेचायलासुद्धा उठले नाहीत. म्हणाले, उंबराच्या फळात किडं असतात म्हणून आपल्या घरात सात पिढ्या कुणी उंबर तोंडाला लावलं न्हाई. आणि मी ह्या हातानं गावातल्या पोरांना...?

२४ सप्टेंबर.
आण्णा बस्तीत पंडितांना विचारून आले. पंडित म्हणाले, वाळलेलं आहे, जीव नाही, दोष नाही. आण्णा म्हणाले, वाळलं कवा पण? आत जीव असतानाच वाळलं न्हवं? मायफळाचं पोतं मुंबईला परत धाडलं. विक्री बंद. किडक्यांचा डबा मुंबईवाला घेईना, तो घरी माझ्या कॉटखाली आला.
तिचं आण्णांना एका मिनिटात पटलं. माझं वीस वर्षांत काही पटलेलं नाही.
तरी एक समाधान आहे. किडे असलेच तर ते भोकाच्या मायफळात असणार. मी एकूण एक बिनभोकाची लावली आहेत.

१८ ऑक्टोबर.
आकारामचं कार्ड: लेका, एक फोडून बघ की एकदा. तुझ्या बाचं काय जातंय?
उत्तर टाकलं: ज्याचा विश्वास आहे तो फोडत नसतो.
चहा दिवसाला पाच.

१२ डिसेंबर.
ती आली. एकटीच. आण्णा जेवायला गेले होते. काही घेतलं नाही. काउंटरवरचं हळकुंड इकडून तिकडं करत होती. म्हणाली, रोप आलं का? म्हणालो, उशिरा उगवणारी जात आहे. म्हणाली, आणि मार्चचा फॉर्म? म्हणालो, त्या माणसाच्या वर्गात मी पाय ठेवणार नाही. म्हणाली, वर्गात कशाला, नुसती परीक्षा द्यायची असते. म्हणालो, स्वाभिमान नावाची गोष्ट असते. म्हणाली, हो, असते.
मग हळकुंड परत जागेवर ठेवलं. घरी पाहुणे यायलेत म्हणाली, शिरवळहून. म्हणालो, बरं.
गेली.
आज तिच्याशी सलग दहा मिनिटं बोललो. प्रगती आहे.

२ फेब्रुवारी १९७५.
शिरवळच्या पाहुण्यांचा अर्थ आज कळला. पाहुण्यांना मुलगा आहे. कारखान्यात इंजिनियर. साखरपुडा झाला. आण्णा पेढा घेऊन आले. म्हणाले, खा.
खाल्ला नाही. दुपारी खाल्ला.
चूक माझी नाही. मायफळाला वेळ लागतो हे इंजिनियरांना कळत नाही.

१० मे.
निश्चय: उद्या लग्नाला जायचं नाही.

११ मे.
गेलो. आण्णांना उन्हाचा त्रास होतो, सोबत कुणीतरी हवं होतं. पंक्तीत मठ्ठा वाढला. नवरा बरा आहे. मठ्ठा चांगला झाला म्हणाला. आपणहून बोलणाऱ्या माणसावर चिडता येत नाही, हा एक नवाच वैताग.
आजपासून तिच्या माहेरच्या गल्लीत पाऊल टाकणार नाही. दुकान ते घर, लांबच्या रस्त्यानं.

१७ जून.
साताऱ्याहून पार्सल आलं. नानासोंना वरडीत हुलगा पेरायचा आहे, म्हणून त्यांनी माझे सगळे खड्डे उकरले. सोबत चिठ्ठी, लष्करी हस्ताक्षरात: एकूण भरती एकशे आठ. हजर सत्त्याण्णव. बेपत्ता अकरा. कोंब फुटलेले शून्य. जवान, हिम्मत हारू नको. बाकी सर्व ठीक.
जशी लावली तशीच आहेत. काळी, जड, घट्ट. आकारामनं खाली लिहिलं होतं, आई घमेलं अजून घासतीया.
पिशवी कॉटखाली सारली, डब्याशेजारी.

३ नोव्हेंबर.
फॉर्म सुटलेत म्हणे. बघू.

४ मार्च १९७६.
फॉर्मची तारीख गेली. दुकानात फार काम होतं. दोन गिऱ्हाइकं होती.

२९ ऑगस्ट १९७६, सांगली. दुपारी साडेतीन. घरी.
रोजनिशी सहा महिन्यांनी उघडली. कॉटखालचा डबा काढताना पायात आली.
सकाळी अकराला चंदनबाला दुकानात आली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, मुलगा झाला, सव्वा महिना झाला म्हणून आज घराबाहेर पडली. सोबत आई, आईच्या खांद्यावर मूल. थोडी जाड झाली आहे, थकलेली दिसते. तिच्या आईनं गुटीचं सामान मागितलं. आण्णा एकेक काढत गेले, आणि मायफळापाशी थांबले. म्हणाले, ते आमी ठेवत न्हाई आता. चंदनबालानंच सांगितलं न्हवं का, आत जीव असतो म्हणून. दोन वर्षं झाली, मन धजत न्हाई.
चंदनबाला म्हणाली, आवं आण्णा, मग भोकाची द्या की. भोकाच्यातला आपल्या पायानं निघून गेलेला असतो. भोक म्हणजे त्याचं दार. रिकामं घर, त्यात कसला दोष? बिनभोकाच्यातला तेवढा आत मेलेला.
आण्णांनी हातातला काटा खाली ठेवला. मग हसले. दोन वर्षांत आण्णा दुकानात हसलेले मी पाहिले नव्हते. म्हणाले, एवढंच व्हय गं पोरी! मी रात-रात जागून काढल्या की! मग माझ्याकडं वळून म्हणाले, आरं जवाहर, तुझ्या कॉटखाली डबा हाय न्हवं? सगळा भोकाचाच माल. घरी जा, चांगली निवड आणि ह्यांच्या घरी पोचती कर.
मूल रडायला लागलं. निघाल्या त्या.
घरी आलो. डब्याआधी पिशवी ओढली. सत्त्याण्णवातलं एक काढलं, सगळ्यात जड होतं ते, आणि आईच्या खलबत्त्यात ठेवलं. पहिल्या ठोक्याला सटकलं. दुसऱ्याला फुटलं.
बी नव्हतं. मधोमध वाटाण्याहून लहान, गुळगुळीत खोली. आत ती होती. तपकिरी, मुंगीएवढी, पाय पोटाशी घेतलेली. पंख पूर्ण झालेले होते. नीट घडी घालून ठेवलेले. समोरची भिंत थोडी कुरतडलेली. अर्धवट.
दुसरं फोडलं नाही.
एकशे आठ मी हातात तोलून निवडली होती. आण्णांना हे सांगणार नाही.
डब्यातली निवडली. पाच घेतली, हलकी, भोकं साफ. एकेक उजेडाकडं धरून बघितलं. रिकामी आहेत.
आज तिनं रोपाचं विचारलं नाही. फॉर्मचंही विचारलं नाही. दुकानातून निघताना उंबऱ्यात थांबली, तेव्हा मी वाट बघत होतो. ती मुलाची कुंची नीट करत होती.
आण्णांनी चार वाजेपर्यंत पोचवायला सांगितलं आहे, गुटीची वेळ चुकायला नको. त्या गल्लीत न जाण्याचा निश्चय पंधरा महिने पाळला, माझे बाकी कुठले निश्चय एवढे टिकलेले नाहीत. आता पुडी खिशात आहे, चपला घातल्या आहेत, हे उभ्यानं लिहितोय. पेन ठेवतो. बाहेर पडतो, दार ओढून घेतो.